गंडा, सनद आणि पदवी : शालेय संगीतशिक्षकाच्या पात्रतेचा इतिहास
(विशेष संदर्भ : बडोदा, ग्वाल्हेर व लखनौ)

प्रास्ताविक

शाळेत गणित शिकविण्यासाठी गणिताची पदवी लागते, याबद्दल कोणी वाद घालत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे वादाचा राहिला आहे. त्याचे कारण उघड आहे. गणिताचे अध्यापक विद्यापीठातूनच तयार झाले. संगीताची विद्या मात्र विद्यापीठे येण्यापूर्वी कित्येक पिढ्या उस्तादांच्या घरांत नांदत होती. विद्यापीठात संगीताचा विषय सुरू झाला तेव्हा तो शिकविणारा संगीताचा पदवीधर कोठून मिळणार होता? पहिल्या पदवीधरांना शिकविले ते पदवी नसलेल्यांनीच. पुढे हीच पदवी शाळेतील नोकरीची अट झाली आणि ज्यांच्या घरातून विद्या आली, त्यांच्याच मुलांना त्या अटीचा अडसर झाला. हे कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जुनी पात्रता : तालीम

विद्यापीठपूर्व काळात संगीतशिक्षकाची पात्रता ठरविण्याची पद्धत नव्हती, असे समजणे चूक ठरेल. पद्धत होती, फक्त ती कागदावर नव्हती. उस्ताद शागिर्दाच्या मनगटावर गंडा बांधत. त्या विधीने शागिर्द घराण्यात दाखल होई. त्यानंतर कित्येक वर्षे तालीम चाले. शागिर्द तयार झाला की नाही, हे उस्ताद ठरवीत आणि मैफलीतील जाणकार त्यावर शिक्कामोर्तब करीत. अमुक एका खाँसाहेबांची तालीम मिळाली आहे, एवढे सांगणे हीच सनद असे.

या पद्धतीत विद्येची खोली होती, तशा मर्यादाही होत्या. तालीम कोणाला द्यायची हे सर्वस्वी उस्तादांच्या मर्जीवर अवलंबून असे. घराबाहेरच्या मुलाला, विशेषतः मुलींना, प्रवेश दुर्मिळ होता. शिवाय ही पद्धत एकेक कलावंत घडविण्यासाठी होती. चाळीस मुलांच्या वर्गाला तासाच्या घंटेवर शिकविण्याचा प्रश्न तिच्यापुढे कधी आलाच नव्हता. तो प्रश्न पुढे आला बडोद्यात.

बडोद्याची गायनशाळा

महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८८१ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. शिक्षण हा त्यांच्या कारभाराचा कणा होता. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दरबारी कलावंतांसाठी बडोद्यात ‘कलावंत कारखाना’ हे स्वतंत्र खाते होतेच. परंतु दरबारापुरते असलेले संगीत रयतेच्या मुलांपर्यंत नेण्यासाठी निराळ्या संस्थेची गरज होती. १८८६ मध्ये राजाश्रयाने गायनशाळा सुरू झाली आणि तिची धुरा उस्ताद मौलाबक्ष यांच्याकडे सोपविण्यात आली.

मौलाबक्ष (१८३३–१८९६) हे घरंदाज तालमीतून आलेले गवई होते. तथापि त्यांची दृष्टी एका घराण्यापुरती नव्हती. दक्षिणेत राहून त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला होता आणि म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला होता. दक्षिणेकडील शिक्षणातील शिस्त व क्रम त्यांनी जवळून पाहिला होता. चिजा लिहून ठेवता याव्यात म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि तिच्या आधारे क्रमिक पुस्तके छापली. सोप्याकडून कठिणाकडे जाणारा पाठ्यक्रम आणि छापील पुस्तक या शालेय शिक्षणाच्या दोन खुणा संगीताला अशा रीतीने लाभल्या.

संगीताच्या इतिहासलेखनात उस्ताद मंडळी लेखनाच्या व शिस्तबद्ध शिक्षणाच्या विरोधात होती, असे एक सरसकट विधान वारंवार आढळते. चिजा लपवून ठेवणारे उस्ताद होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मौलाबक्ष यांचे कार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लाहोर येथील विद्यालयाच्या पंधरा वर्षे आधीचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ते विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

मौलाबक्ष यांच्या पुढच्या पिढीची कथाही बोलकी आहे. त्यांचे पुत्र अलाउद्दीन खाँ यांना संगीताच्या उच्च शिक्षणासाठी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाठविण्यात आले. त्यांचे नातू इनायत खाँ (१८८२–१९२७) बडोद्यातच वाढले, गायनशाळेच्या वातावरणात घडले आणि १९१० मध्ये पश्चिमेकडे जाऊन जगप्रसिद्ध झाले. बडोद्याशी संबंध आलेले आणखी एक मोठे गवई म्हणजे अब्दुल करीम खाँ. बडोदा सोडल्यानंतर त्यांनीही विद्यालय काढण्याचा ध्यास घेतला. बेळगावात काही काळ शिकविल्यावर १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. उस्तादांना शाळा नको होती असे नाही. त्यांना ती स्वतः चालवून पाहायची होती.

पलुसकर व भातखंडे : परीक्षांचे युग

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मराठी भाषक संगीतज्ञांनी या कार्याला अखिल भारतीय रूप दिले. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या योजनेतील महत्त्वाचा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. गाणारे कलावंत तयार होतीलच असे नाही, पण गावोगावी जाऊन संगीत शिकविणारे शिक्षक तयार झाले पाहिजेत, ही त्यामागील भूमिका होती. संगीतशिक्षक हा कलावंताहून निराळा पेशा आहे, हा विचार येथे प्रथम ठळकपणे दिसतो. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. या मंडळाच्या ‘विशारद’ व ‘अलंकार’ या परीक्षा आजही हजारो विद्यार्थी देतात.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. त्यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून लिपिबद्ध केल्या. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्यातील आणि रामपूर दरबारातील विद्या त्यांच्या संग्रहात आली. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तीत उस्ताद, शास्त्रज्ञ व संस्थानिक एकत्र आले. संगीताचे राष्ट्रीय पातळीवरील महाविद्यालय असावे हा विचार या परिषदांतून पुढे सरकला.

त्याचे पहिले मोठे फळ ग्वाल्हेरला दिसले. माधवराव शिंदे यांनी जानेवारी १९१८ मध्ये तेथे माधव संगीत महाविद्यालय सुरू केले. त्याआधी राजाभैया पूछवाले आदी ग्वाल्हेरच्या गायकांना भातखंडे यांच्याकडे पाठवून नव्या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले होते. गाणे ज्यांना उत्तम येत होते, अशा मंडळींनाही वर्गात शिकविण्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. संगीतशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा हा आपल्याकडील एक आरंभीचा प्रयोग म्हणावा लागेल.

१९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेजची स्थापना झाली. ‘विशारद’ व त्यावर ‘निपुण’ अशी तेथील परीक्षांची चढती रचना पुढे रूढ झाली. दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–१९७४) हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. मात्र गायकीची तालीम त्यांनी घेतली ती बडोद्यात, आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे. त्याच कॉलेजात लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ तबला शिकवीत आणि सखावत हुसेन खाँ सरोद शिकवीत. पाठ्यक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र ही नव्या व्यवस्थेची देणगी होती. प्रमाणपत्रामागची विद्या बव्हंशी उस्तादांची होती. या काळापर्यंत दोन्ही व्यवस्था एका छताखाली नांदू शकल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विद्यापीठीय पदवी

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. संस्थाने विलीन झाली आणि दरबारी आश्रय संपला. १९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १८८६ च्या गायनशाळेतून वाढलेली संस्था विद्यापीठाचा भाग बनली. आजची तेथील परफॉर्मिंग आर्ट्‌स विद्याशाखा आपला उगम मौलाबक्ष यांच्या शाळेतच सांगते. १९५६ मध्ये खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. लखनौचे कॉलेज २००० मध्ये अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२ पासून ते राज्य विद्यापीठ म्हणून चालते. ग्वाल्हेरला २००८ मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत व कला विद्यापीठ स्थापन झाले.

उस्तादाची तालीम मोजता येत नव्हती. पदवी मोजता येते. सरकारी खात्याला पगाराची श्रेणी ठरविण्यासाठी, अर्जांची छाननी करण्यासाठी आणि वशिलेबाजीचा आरोप टाळण्यासाठी मोजता येणारी पात्रता हवी होती. या दृष्टीने पदवीची अट अन्यायाच्या हेतूने आली, असे म्हणता येत नाही. तिचा लाभही मोठा झाला. संगीतशिक्षकाला शाळेत मासिक वेतन व निवृत्तिवेतनाची शाश्वती मिळाली. मुलींना संगीत शिकून त्यावर सन्मानाने उपजीविका करता येऊ लागली. दरबाराच्या मेहरबानीवर जगणाऱ्या कलावंताच्या तुलनेत हा फार मोठा बदल होता.

शाळेच्या दारातील विसंगती

शालेय शिक्षणात संगीताला स्थान असावे, हे आयोगांनी वेळोवेळी मान्य केले. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांसाठी कला व संगीत हा विषय सुचविला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे, असे म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमावा, अशी तरतूद आहे. ‘अंशकालीन’ या एका शब्दात विषयाचे व्यवस्थेतील स्थान स्पष्ट होते.

पात्रतेच्या अटी मात्र पूर्णवेळच्या आहेत. केंद्रीय विद्यालयांनी २०१८ व २०२२ मध्ये प्राथमिक संगीतशिक्षकासाठी दिलेल्या जाहिरातींत बारावीला किमान पन्नास टक्के गुण आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची संगीतातील पदवी किंवा समकक्ष पात्रता मागितली होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत प्रयोगकलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेचाही समावेश आहे. गांधर्व मंडळासारख्या संस्थांच्या परीक्षांना मिळणारी समकक्षता राज्यागणिक आणि नोकरीगणिक बदलते. केवळ ‘विशारद’ हाती असलेल्या उमेदवाराला, दुसरी कोणतीही पदवी नसल्यास, पुष्कळदा अर्जाच्या छाननीतच परत फिरावे लागते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठी दोन मार्ग दिले आहेत. पहिला नेहमीचा, म्हणजे पदव्युत्तर पदवी व नेट परीक्षा. दुसरा मार्ग पारंपरिक कलावंतांसाठी. नामांकित उस्तादाकडे शिक्षण, आकाशवाणी अथवा दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी, आणि विषय तर्कशुद्धपणे समजावून प्रात्यक्षिकासह शिकविण्याची क्षमता ही त्याची कसोटी आहे. म्हणजे विद्यापीठाने तालमीला दार उघडे ठेवले आहे. प्राथमिक शाळेत सरगम शिकविण्यासाठी मात्र पदवीवाचून चालत नाही. ही विसंगती आजवर पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

तिची किंमत घराण्यांच्या वारसांना मोजावी लागते. सारंगी, तबला, सनई यांची तालीम बालपणी सुरू होते. रियाझात जाणारी वर्षे हीच नेमकी शाळेची वर्षे असतात. त्यात घरची ओढगस्त असेल तर मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते. पुढे हात तयार असतो, पण बारावीची गुणपत्रिका नसते. जी विद्या शिकून इतरांनी पदव्या मिळविल्या, तीच विद्या असलेला माणूस लग्नाच्या वाद्यवृंदात किंवा खासगी शिकवण्यांवर गुजराण करतो.

समारोप

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कला व हस्तकलांच्या जाणकारांना शाळांनी निदेशक म्हणून नेमावे, अशी शिफारस केली आहे. या शिफारशीमुळे तालमीची कदर पुन्हा होऊ शकेल. मात्र तिच्यातून मानधनावरची तात्पुरती नेमणूक एवढेच निष्पन्न झाले, तर घराण्यातील कलावंत पुन्हा मेहरबानीवरच राहील. दरबाराच्या जागी शाळा येईल इतकेच.

इतिहासाचा दाखला दुसरी दिशा दाखवितो. ग्वाल्हेरच्या गवयांना वर्गात शिकविण्याचे तंत्र वेगळे शिकविले गेले. त्यांचे गाणे नव्याने तपासले गेले नाही. तालीम झालेल्या व्यक्तीची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन विद्या मान्य करावी आणि बालमानस, वर्गाध्यापन व स्वरलेखन यांचे प्रशिक्षण देऊन शिक्षक म्हणून प्रमाणित करावे, असा मार्ग त्यातून निघतो. तो धोरणात येईपर्यंत महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती एक साधे काम आहे. आपल्या वर्गात अशा घरातील विद्यार्थी असेल तर त्याचा रियाझ सुटू न देता बारावी व पदवी पूर्ण करून घेणे, ‘विशारद’ची समकक्षता कोठे चालते व कोठे चालत नाही हे त्याला वेळीच सांगणे आणि पहाटेच्या रियाझामुळे उशिरा येणाऱ्या मुलाची गैरहजेरी मांडण्यापूर्वी त्याचे कारण विचारणे. मौलाबक्ष यांनी विद्या आणि शाळा यांची गाठ एकदा घालून दाखविली आहे. ती सुटली ती पुढच्या व्यवस्थेत, आणि ती पुन्हा घालण्याचे काम शिक्षकांचेच आहे.