रेशनकार्डावरचं नाव

आज बोलायचं आहे ते लढाईच्या सालात जन्मलेल्या बायांबद्दल. म्हणजे दुसरं महायुद्ध, १९३९ ते १९४५. तुमच्या घरात, आळीत अशी एखादी आज्जी असेलच. तिचं वय विचारलंत तर ती साल सांगणार नाही. ‘रेशन सुरू झालं तेव्हा मी रांगत होते’ किंवा ‘बेचाळीसच्या धरपकडीत आईला दिवस होते’, असं काहीतरी सांगेल. कागदावर मात्र तिची जन्मतारीख बहुतेक १ जून असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची म्हणून लिहिलेली. आणि शाळेत गेलेली असली तरच हं. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणाऱ्या नऊसुद्धा भरल्या नव्हत्या.

त्या लढाईशी आपला काय संबंध, असं वाटेल. बॉम्ब आपल्या गावांवर पडले नाहीत, हे खरं. पण धान्य कमी पडलं, रॉकेल मिळेना, कापड मिळेना. बंगालात १९४३ साली दुष्काळ पडला आणि त्यात लाखो माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि घराघरात एक नवा कागद आला, रेशनकार्ड. खाणींत कोळसा काढायला माणसं पुरेनात, तेव्हा बायकांनी जमिनीखाली उतरायचं नाही ही बंदीही सरकारने १९४३ मध्येच उठवली. लढाई संपल्यावर, १९४६ मध्ये ती पुन्हा घातली. गरज असली की हात चालतात, गरज सरली की बाईची जात नाजूक!

त्या काळात जन्मलेल्या मुलींतल्या काहींनी पुढे मोठी कामं केली. अशा बाईबद्दल बोलताना आपण ‘पहिली’ हा शब्द फार वापरतो. पहिली इंजिनिअर, पहिली अमुक. लीला पूनावालांचंच घ्या. १९४४ साली सिंधमधल्या हैदराबादेत जन्म, वडील लहानपणीच गेले, फाळणीत घर सुटलं आणि कुटुंब पुण्याला आलं. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६७ साली त्या मेकॅनिकलच्या पदवीधर झाल्या आणि ज्या कारखान्यात शिकाऊ म्हणून शिरल्या त्याच कंपनीच्या प्रमुखपदावर पोचल्या. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण मला त्यांचं त्यापुढचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. हुशार पण गरीब घरच्या मुलींना त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. म्हणजे आपल्यामागे दार लोटून घेतलं नाही.

मला या पिढीत वेगळंच एक सूत्र दिसतं. यांनी बाईचं नाव कागदावर आणलं.

त्याआधीची गत ऐका. स्वतंत्र देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला मत होतं. मतदारयादी करणारे दारोदार गेले. कितीतरी घरांतून बाईने स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला आणि जवळजवळ २८ लाख बायका यादीतून गळल्या. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. म्हणून आपण फुशारकी मारायला नको. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहायची रीत होतीच की! माहेरचं नाव तिथेच पुसलं जायचं.

लढाईत जन्मलेल्या मुली या बायकांच्या लेकी.

त्यांतली एक रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची, १९४५ साली जन्मलेली. उर्मिला पवार. ‘आयदान’ हे त्यांचं आत्मकथन २००३ साली आलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपं, टोपल्या, रोवळ्या. वडील शिक्षक होते. ते गेले तेव्हा उर्मिलाताई तिसरीत होत्या. मुलांना शिकवायचं, हे त्यांनी जाताना आईला सांगून ठेवलं होतं. मग आई दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आयदानं विणत बसली. ती गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम या मुलीकडे. लोक तिला लांब उभी करत, टोपलीवर पाणी शिंपडून मग ती घरात घेत आणि पैसे वरून हातावर टाकत. शाळेतल्या एका मास्तरांनी या पोरीला नाहक मारलं, तेव्हा ही विधवा, निरक्षर आई रस्त्यावरच त्यांना सामोरी गेली आणि चारचौघांत जाब विचारला. त्या काळी, त्या जातीच्या बाईने, मास्तरांना! ती मुलगी पुढे मुंबईत सरकारी नोकरीत लागली, लग्न-मुलं सगळं सांभाळून, घरची कामं आटपून एम.ए. झाली आणि कथा लिहू लागली.

पण आजच्या विषयासाठी त्यांचं दुसरं पुस्तक जास्त मोलाचं आहे. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी मिळून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत राबलेल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांची नावानिशी चरित्रं लिहून ठेवली. महाडला, नाशिकला बायका गेल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण गेल्या होत्या हे फारसं कुणी लिहिलं नव्हतं. ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात अजून वाचतो ना? त्या वाक्यातल्या एकेका बाईला या दोघींनी वेगळं काढून खुर्चीवर बसवलं.

ऐन लढाईतली एक गोष्ट याच इतिहासातली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य समाजातल्या महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या, असं तेव्हाच्या वृत्तांतात आहे. ठराव कसले केले? बाईला काडीमोडाचा हक्क हवा. एका नवऱ्याला अनेक बायका, ही चाल कायद्याने बंद व्हावी. गिरणीतल्या बायकांना हक्काची रजा मिळावी आणि त्यांच्यावर देखरेखीला बाईच असावी. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती आणि उर्मिलाताईंचा जन्म व्हायला तीन. म्हणून ‘पहिली’ हा शब्द मी जपून वापरते. पहिलीच्या आधीही बायका असतात, फक्त त्यांची नोंद नसते.

आता वसुधा धगमवार. १९४० चा जन्म, पुण्यात कायदा शिकवत. १९७२ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, असा खटला उभा राहिला. नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची ना नव्हती, असं धरून! पुढच्या वर्षी चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला असं विचारणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्या पत्रातून गावोगावी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा बाईचं नाव छापायचं नाही, हे कलमही त्याच बदलात आलं. तो खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो, तरी मी आज ते घेतलं नाही, ते त्यासाठीच. बाईचं नाव कागदावर यायला हवं, हे खरं, पण कोणत्या कागदावर, हे तिने ठरवायला हवं.

आणि चौथी आपली सांगली जिल्ह्यातली. आपली म्हणते, पण जन्म अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसचा, ऑगस्ट १९४१. गेल ऑम्वेट. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला ही बाई इकडे आली, मराठी शिकली, त्याच विषयावर १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावला राहिली, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली आणि २०२१ मध्ये कासेगावलाच गेली. तिच्या सासूबाई इंदुताई पाटणकर. बेचाळीसच्या चळवळीत कोवळ्या वयात घर सोडून प्रतिसरकारात गेलेल्या. पती बाबूजींचा १९५२ मध्ये खून झाला, त्यानंतर त्यांनी मुलाला एकटीने वाढवलं. सासू-सुनेच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. ही जोडी मात्र एका मोर्चात चालली.

मोर्चा कसला, तर नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा. इथे आपण पुन्हा त्या लढाईतल्या कागदाशी येतो. रेशनकार्ड नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. बाईला घराबाहेर काढली की तिचा धान्यावरचा हक्क सासरीच राहिला. माहेरी भावाच्या कार्डावर तिचं नाव चढत नाही. मग दुकानदाराच्या लेखी ती बाई आहेच कुठे? इंदुताईंच्या पुढाकाराने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतल्या या बायकांनी मागणी केली: आमच्या नावाचं वेगळं कार्ड द्या, घरापुरती जागा द्या, कसायला तुकडा द्या. दयेची भाषा त्यात नव्हती. गेल याच काळात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेबद्दलही लिहीत होती. त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करायचा होता, तोही आपण होऊन. काही गावांत शंभरावर घरांनी तो केला. सातबाऱ्यावर आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या बायका त्यांत होत्या.

त्यानंतर कायदे हळूहळू आले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आला, देशभर २००५ मध्ये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई हीच कुटुंबप्रमुख ठरवली. लढाईच्या रेशनिंगपासून तिथवर यायला सत्तर वर्षं लागली. आज घरी गेल्यावर तुमचं कार्ड जरूर बघा. आज्जीचं नाव पहिलं आहे का आणि ते बरोबर लिहिलं आहे का? नसेल तर तलाठ्याकडे नव्हे, तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा.

आणखी एक निर्णय अगदी अलीकडचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्राने ठरवला आहे. लग्न झालेल्या बाईसाठी मात्र पूर्वीचीच पद्धत चालू आहे: तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव.