पियाजेचे मूल आणि दाराजवळ बसणारी मुलगी

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात आम्ही बालविकासाचा तास घेत होतो. फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला होता. जन्म ते दोन वर्षे, दोन ते सात, सात ते अकरा; कोणत्या वयात मूल काय करू लागते, त्याला काय समजू लागते. सेविका वहीत उतरवून घेत होत्या. तेवढ्यात मागच्या ओळीतून एका ताईंनी विचारले, "माझ्याकडे चार वर्षांची एक पोरगी आहे. गाणी म्हणते, रंग ओळखते, गोष्ट सांगते. पण खिचडी वाढायला लागले की आपली आपण उठते आणि दाराजवळ जाऊन बसते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. ती तुमच्या कोणत्या टप्प्यात येते?"

तास तिथेच थांबला. सभागृहातल्या एकाही बाईने ‘ती मुलगी कोणाची?’ असे विचारले नाही. सगळ्यांना कळले होते. कळले नव्हते ते फक्त फळ्यावरच्या तक्त्याला.

त्या प्रश्नामुळे आम्हाला बालविकासाच्या सिद्धांतांचा इतिहास पुन्हा वाचावा लागला. हे सिद्धांत कोणत्या मुलांकडे पाहून तयार झाले? कोणी पाहिले? आणि आमच्यापर्यंत येताना त्यांतले काय गळून पडले? आमचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रशिक्षणात शिकवले जाणारे मूल जातविरहित आहे आणि अंगणवाडीत येणारे मूल तसे नाही. ही फट सिद्धांत मोडीत काढून बुजणार नाही, सिद्धांत त्यांच्या इतिहासासह शिकवले तरच बुजेल.

सुरुवात ज्यां पियाजे यांच्यापासून करू, कारण तो तक्ता त्यांचाच. १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते, हे दाखवून दिले. खेळणे फडक्याखाली लपवले तर अगदी तान्हे मूल ते शोधत नाही, पुढे काही महिन्यांनी फडके उचलून बघते. डोळ्याआड झालेली वस्तू असतेच, हे त्याला आता उमगलेले असते. हे साधे निरीक्षण फार मोलाचे आहे. पण पहिल्या दोन वर्षांविषयीचा पियाजे यांचा सिद्धांत मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणावर उभा आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरातली ती मुले. त्यांच्यापुढे वस्तू होत्या, त्या हाताळायची मुभा होती. ‘याला शिवू नकोस’ हे वाक्य त्यांनी ऐकले असेल ते गरम भांड्याबद्दल. माणसाबद्दल नव्हे.

त्याच १८९६ साली लेव्ह व्हायगॉट्स्की यांचा जन्म झाला, झारशाहीच्या रशियातल्या एका ज्यू कुटुंबात. त्या राजवटीत ज्यूंनी कुठे राहावे याच्या हद्दी आखलेल्या होत्या आणि विद्यापीठांत त्यांच्या जागा मोजून ठेवलेल्या होत्या. शिकलेल्यांची संख्या वाढावी म्हणून नव्हे, वाढू नये म्हणून! इतक्या हुशार विद्यार्थ्यालाही १९१३ साली मॉस्को विद्यापीठात जागा मिळाली ती सोडतीत नाव निघाले म्हणून. त्याच वर्षी आपले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

व्हायगॉट्स्की यांनी सांगितले, की मूल कोणतीही गोष्ट आधी माणसांमध्ये शिकते आणि मग ती स्वतःच्या मनात नेते. जे आधी दोन माणसांच्या मध्ये असते, ते नंतर एका माणसाच्या आत जाते. दाराजवळ बसणाऱ्या मुलीला हा सिद्धांत लावून बघा. तिला कोणी बोलून सांगितले नसेल. पण तिची मोठी भावंडे कुठे बसतात ते तिने पाहिले आहे. पाणी देताना मागे सरकणारा हात पाहिला आहे. दुकानात सुटे पैसे हातावर न देता फळीवर ठेवले जातात ते पाहिले आहे. तिच्या मनातली रेघ आधी गावात होती. गावकुसाच्या हद्दी ज्याने स्वतः अनुभवल्या, त्याला मुलाच्या मनाभोवतीचा समाज दिसला, यात आम्हाला नवल वाटत नाही. व्हायगॉट्स्की १९३४ साली क्षयाने वारले, अवघ्या ३७व्या वर्षी. त्यानंतर त्यांच्याच देशात त्यांचे लेखन अनेक वर्षे दाबून ठेवले गेले.

आता मारिया माँटेसरी. आज पुण्या-मुंबईत माँटेसरीची पाटी दिसली की आधी फी डोळ्यांपुढे येते. पण त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले. आईबाप कामावर गेले की तिथली मुले चाळीत मोकाट हिंडत, भिंती खराब करत, म्हणून मालकांना ती एका खोलीत सांभाळायला हवी होती. त्याआधी माँटेसरी यांनी मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम केले होते. म्हणजे समाजाने ज्यांच्यावर काट मारली, त्या मुलांनी ही पद्धत घडवली. १९३९ साली माँटेसरी मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे भारतातच राहिल्या. त्यांची पद्धत इथे रुजली, पण कामगारांच्या लेकरांची ती पद्धत बघता बघता पैसेवाल्यांची झाली. ज्ञान खाली जन्मते आणि वर मालकीचे होते, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आणि ज्यांचे नाव आम्ही स्वतः एकाही अंगणवाडी प्रशिक्षणात ऐकले नाही, ते म्हणजे केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय दाम्पत्य. दोघांनीही बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, केनेथ यांनी १९४० साली आणि मेमी यांनी १९४३ साली. तीन ते सात वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळे सारखे, फक्त रंग वेगळा. कोणती बाहुली खेळायला आवडेल? कोणती चांगली? कोणती वाईट दिसते? सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली आणि निम्म्याहून अधिक मुलांनी काळी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. मग त्यांना विचारले, ‘यातली तुझ्यासारखी कोणती?’ काही मुले या प्रश्नावर रडू लागली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख होता. या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तरेकडे गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत जाणाऱ्या मुलांनीही गोरी बाहुलीच पसंत केली होती. म्हणजे एका खोलीत बसवले की काम संपले, असे होत नाही.

"एवढ्या लहान पोरांना जात कळत नाही, तुम्हीच ती त्यांच्या डोक्यात घालता," असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. क्लार्क यांच्या अभ्यासात तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना रंगाचा भेद ओळखता येत होता. जात कातडीवर दिसत नाही हे खरे. पण ती वस्तीत दिसते, पंगतीत दिसते, पाण्याच्या हंड्यापाशी दिसते. मुलाला ‘जात’ हा शब्द कळत नसेल, आपली जागा मात्र कळते. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीम गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसत होता आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नव्हते. ती आठवण बाबासाहेबांनी मोठेपणी लिहून ठेवली. तो बालविकासाच्या पुस्तकातला एक धडा आहे असे आम्ही मानतो. फक्त आपल्या अभ्यासक्रमाने तो अजून तसा मानलेला नाही.

आपल्याकडे या कामाचा वारसा नाही असेही नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणे केली आणि ज्यांचा जन्म समाजाला नको होता ती लेकरे सांभाळली. १८९७ च्या प्लेगमध्ये एका महार मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणारी सावित्रीमाई त्याच साथीत गेली. तिच्या हातात कोणताही तक्ता नव्हता. पण मुलाला पहिला स्पर्श कसा व्हायला हवा, हे तिला ठाऊक होते.

श्रेय जिथे द्यायचे तिथे देऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. जी मुले गुरे राखतात त्यांची शाळा कुरणात भरवायची. आज देशभर चालणाऱ्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा विचार आहे. त्यांची गाणी आणि साधने आपण उचलली. मूल येत नसेल तर चूक मुलाची नाही, जागेची आहे, हे त्यांचे मुख्य सूत्र मात्र मागे राहिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पण अंगणवाडी कोणाच्या अंगणात? बऱ्याच गावांत ती गावठाणातच राहिली आणि आमच्या वस्तीतल्या लेकरांनी दुसऱ्याच्या अंगणात जायचे ठरले. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की देशात किमान १४ लाख अंगणवाड्या सुरू करा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या. जे आपोआप होत होते, त्यासाठी न्यायालयाला बोलावे लागले नसते.

आणि हे सारे ज्या बाईने करायचे तिला काय मिळते? पगार नव्हे, ‘मानधन’. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेही योजना सुरू होऊन ४६ वर्षे उलटल्यावर. वजन, उंची, आहार, लसीकरण, मोबाईलवरची माहिती, सर्वेक्षण हे सगळे तिच्याच माथी. मुलाकडे निवांत पाहायला तिला वेळ ठेवलाच नाही, आणि बालविकासाचा प्रत्येक सिद्धांत तर मुलाकडे निवांत पाहण्यातूनच जन्मला! सेविका दलित असेल तर आणखी एक ओझे असते: तिच्या हातची खिचडी गाव खाईल का?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षणात पियाजेच्या शेजारी व्हायगॉट्स्की आणि क्लार्क दाम्पत्य यांना जागा द्या. बाबासाहेबांच्या गोणपाटावर एक तास घ्या. मुलांना ओळीत न बसवता गोल बसवा, कारण गोलाला शेवटचे टोक नसते. वाढण्याची, पाणी देण्याची पाळी रोज वेगळ्या मुलाची ठेवा. निरीक्षणाच्या नोंदीत वजन-उंचीबरोबर एवढे लिहा: आज कोण कोणाशेजारी बसले, कोण एकटे राहिले. आणि हे लिहायला सेविकेला वेळ द्या, वेतन द्या.

त्या ताई मागच्या वर्षी पुन्हा भेटल्या. त्यांनी वाढायला सुरुवात करायची जागा बदलली होती. आता खिचडीचे पातेले आधी दाराजवळ जाते, सेविका स्वतः तिथे मुलीशेजारी बसते आणि मग सगळे त्यांच्याभोवती गोल बसतात. "मग पोरगी आत बसते का आता?" आम्ही विचारले. ताई म्हणाल्या, "कधी बसते, कधी अजून उठते. पण आता ती उठली की बाकीची पोरंच तिला हाक मारतात."

ही हाक कोणत्या टप्प्यात येते, ते तक्त्यात लिहिलेले नाही. लिहिण्याचे काम आपले आहे.

जयभीम!