‘माणूस’ : लपवलेल्या प्रेमाची किंमत कोणी मोजली?

गुपचूप चाललेल्या प्रेमाची कथा पडद्याला नवी नाही. फॅनी हर्स्ट यांच्या ‘बॅक स्ट्रीट’ कादंबरीवर हॉलिवूडने 1932, 1941 आणि 1961 असे तीनदा चित्रपट काढले. विवाहित पुरुषावर प्रेम करणारी नायिका वर्षानुवर्षे आडोशाला राहते. पुरुषाचा संसार आणि प्रतिष्ठा शाबूत राहतात. झिजते ती बाई.

आपल्या मराठीत हाच प्रश्न पुण्याच्या ‘प्रभात’ने 1939 साली वेगळ्या तऱ्हेने मांडला. व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ हा तो चित्रपट. हिंदीत तो ‘आदमी’ म्हणून निघाला. त्या वेळी आपला बालाघाट जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी होती नागपूर.

गणपत हा साधा पोलीस शिपाई, बिल्ला क्रमांक 255. धाडीच्या रात्री तो मैना नावाच्या वेश्येला वाचवतो आणि तिच्यात गुंततो. पण वर्दीला हे प्रेम शोभत नाही आणि घरी देवभोळी आई आहे. म्हणून सारे चोरून! शाहू मोडक यांनी गणपत, शांता हुबळीकर यांनी मैना आणि सुंदराबाईंनी आई रंगवली. मोडक पुढच्याच वर्षी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले, हेही लक्षात घेण्याजोगे.

या कथेतली आई दुष्ट नाही, हीच खरी मेख आहे. तिच्या निर्मळ विश्वासापुढे मैनेला स्वतःचाच भूतकाळ जड होतो. समाजाने मारलेला शिक्का तिने मनावर कोरून घेतलेला असतो. पुढे छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवायला निघतो, पण ती नकार देऊन शिक्षा पत्करते.

1935च्या ‘देवदास’ने प्रेमभंगानंतर झुरून मरणारा नायक लोकप्रिय केला होता. शांतारामांना तो मार्ग मान्य नव्हता. गणपत खचतो, पण मरत नाही, कर्तव्याकडे वळतो. प्रेमापेक्षा आयुष्य मोठे, हा त्यांचा संदेश.

संदेश थोरच. तरीही हिशेब मांडला तर गणपतला नोकरी आणि घर परत मिळते, मैनेच्या वाट्याला तुरुंग येतो. ‘माणूस’ या नावात मैनाही येते की नाही, हे आजच्या प्रेक्षकाने स्वतःला विचारून पाहावे.