डीव्हीडीचे वारस

सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेमच्या यंत्रात गाण्यांची साधी सीडी घातली, तर ते ती वाजवत नाही. ही सीडी सोनीनेच फिलिप्सच्या साथीने जन्माला घातली होती, पण सोनीचंच यंत्र आज तिला ओळख देत नाही. त्याच खाचेत पंचवीस वर्षांपूर्वी विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी सरकवा. तिच्यावरचा प्रदेशाचा आकडा, म्हणजे ‘रीजन कोड’, जुळत असेल, तर चित्र मुकाट्याने सुरू होतं. आईला दारातून परत पाठवायचं आणि मुलीला मात्र आत घ्यायचं, असा हा प्रकार आहे. ओटीटीच्या जमान्यात अमेरिकेतल्या वॉलमार्टमध्ये आणि इंग्लंडच्या एचएमव्हीमध्ये डीव्हीडी अजून का दिसते, याचं उत्तर याच दारात सापडतं.

‘लोकांना जुन्याची हौस असते’, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. हौस एलपी रेकॉर्डची असते. तिचं कव्हर भिंतीवर लावतात, सुईच्या खरखरीचं कौतुक करतात. डीव्हीडीवर असा जीव कोण टाकतो? तिच्या चित्रात आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५७६ आणि अमेरिकेत ४८० ओळी, तर आजच्या फोर-के टीव्हीला २१६० लागतात. मोठ्या पडद्यावर तिचं चित्र धूसर दिसतं, आणि डबी काळ्या प्लास्टिकची. तरीही हॉलिवूडचा नवा सिनेमा डिस्कवर येतो तेव्हा फोर-के आणि ब्लू-रेच्या शेजारी सगळ्यात स्वस्त प्रत बहुधा डीव्हीडीचीच असते.

कुळकथा सुरू होते ती भाऊबंदकीपासून. १९७५ मध्ये सोनीने बीटामॅक्स आणली, पुढच्या वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस. दोन्ही फिती, दोन्ही सिनेमाच्या, पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जाईना. दहा-बारा वर्षं चाललेल्या या भांडणात सोनी हरली आणि व्हीएचएस जगभर गेली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. गणपतीत किंवा पूजेच्या रात्री गावात ‘व्हिडिओ’ भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन सिनेमे बघायचे, हे त्या दशकातल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कोकणातल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरायची. तीच फीत यंत्रात घातली की हेड घाण व्हायचं आणि पडद्यावर मुंग्या धावायच्या.

या फितीचा शेवट लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्हीएचएसचा व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. भरभराटीच्या काळात ही कंपनी वर्षाला दीड कोटी यंत्रं विकायची. शेवटच्या पूर्ण वर्षात साडेसात लाखच गेली, आणि सुटे भाग मिळेनासे झाले. साडेसात लाख गिऱ्हाईकं म्हणजे काही कमी नव्हेत. पण फितीला वारस नव्हता. तिच्यानंतर आलेलं तबकडी वाचणारं यंत्र तिला वाचू शकत नव्हतं, कारण गुंडाळलेली फीत आणि फिरती तबकडी यांच्यात नातंच नव्हतं.

तबकडीचं घराणं वेगळं. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर दुकानात आला. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. बेथोव्हनची नववी सिंफनी एका तबकडीत मावावी म्हणून हा आकार धरला, अशी कथा सांगतात. त्या काळी फिलिप्समध्ये काम करणारे अभियंता कीस इमिंक यांनी मात्र ही कथा बरीचशी रंगवलेली असल्याचं लिहून ठेवलंय. फिलिप्सला साडेअकरा सेंटिमीटर हवे होते, सोनीला बारा. दोन कंपन्यांच्या ओढाताणीत बारा ठरले. ते कसेही ठरले असोत, पुढे कुणीच बदलले नाहीत. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, सगळ्यांचा आकार तोच. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मधे एक बहीण होऊन गेली, तिची आठवण आशियाच्या बाहेर फारशी कुणाला नाही. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र, दर्जा जेमतेम व्हीएचएसच्या जवळपास. अमेरिकेने तिच्याकडे पाहिलंही नाही. पण त्याच वर्षी चीनमधल्या हफेई शहरात जियांग वानमेंग आणि सुन यानशेंग या दोघांनी व्हीसीडी प्लेअर बनवला आणि दोघांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन त्याला ‘वानयान’ नाव दिलं. पुढे चिनी कारखान्यांनी असे प्लेअर कोट्यवधींनी काढले. दमट हवेत न कुजणारी, छापायला स्वस्त, कुठलंही कुलूप नसलेली ही तबकडी आग्नेय आशियात आणि भारतात घरोघरी गेली. हिंदी सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये यायचा. मध्यंतराच्या आसपास उठून डिस्क बदलायची, त्यामुळे घरातही मध्यंतर साजरं व्हायचं.

डीव्हीडीचा जन्म झाला तो मात्र भांडण टाळून. १९९४-९५ मध्ये पुन्हा दोन तट पडले होते. एका बाजूला सोनी-फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि टाइम वॉर्नर, आणि दोघांच्या तबकड्या वेगळ्या. बीटामॅक्सचा घाव ताजा होता. या वेळी मधे पडले ते संगणकवाले. आयबीएमच्या पुढाकाराने संगणक कंपन्यांनी सांगितलं, की एकच तबकडी आणा, नाहीतर आम्ही दोन्हीही घेणार नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये तडजोड झाली. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या ही तोशिबाची रचना राहिली, आणि तीवर माहिती लिहिण्याची सांकेतिक पद्धत इमिंक यांची, म्हणजे फिलिप्स-सोनीकडची. एका थराची क्षमता ४.७ गिगाबाइट. जुनी डीव्हीडी हातात घेऊन कडेने उजेडात धरा. मधोमध एक केसाएवढी रेघ दिसते, तो दोन चकत्यांचा जोड. सीडीच्या कडेला ती नसते.

१ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये आणि पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी विक्रीला आली. वॉर्नर होम व्हिडिओचे वॉरन लीबरफार्ब यांचा आग्रह असा, की ही वस्तू भाड्याने द्यायची नाही, विकायची. त्याआधी नव्या सिनेमाची व्हीएचएस कॅसेट अमेरिकेत बहुधा ऐंशी ते शंभर डॉलरला असायची. ती घरच्या गिऱ्हाइकासाठी नव्हतीच, लायब्ररीवाल्याने घ्यावी आणि शंभर वेळा भाड्याने द्यावी असा तो हिशेब. डीव्हीडी वीस-पंचवीस डॉलरला आली आणि किराणा घ्यायला गेलेला माणूस ती टोपलीत टाकून घरी आणू लागला. सिनेमा आपल्या कपाटात असतो, ही सवय अमेरिकेला तिने लावली. दुकानांच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट. भाड्याचा धंदा कोसळला तरी विक्रीचा धंदा उरतो.

या सवयीच्या उलट दिशेने एकदा प्रयत्न झाला होता, तो इथे सांगायलाच हवा. सर्किट सिटी या अमेरिकी दुकान-साखळीने १९९८ मध्ये ‘डिव्हएक्स’ नावाची तबकडी काढली. किंमत साडेचार डॉलर. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालणार, पुढे बघायचं तर पुन्हा पैसे. प्लेअर टेलिफोनच्या तारेला जोडलेला आणि तो रात्री कंपनीला फोन करून हिशेब देणार. लोकांनी जून १९९९ पर्यंत ही योजना गुंडाळायला लावली, आणि २००१ च्या मध्यात त्या तबकड्या कायमच्या मुक्या झाल्या. आज आपण दर महिन्याला पैसे भरून नेमकं हेच करतो, फक्त तबकडी नाही. तेव्हा लोक भडकले होते, आता कुणी भडकत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता लेन्सकडे या. दुरुस्तीवाल्याच्या तोंडी ‘लेन्स गेली’ म्हणजे प्लेअरचा सगळा रोग, पण या लेन्सखाली खरं काम करतो तो लेसर. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य. डीव्हीडीचा ६५० चा, लाल. ब्लू-रेचा ४०५ चा, जांभळट. तबकडी तीच १.२ मिलिमीटरची. पण सीडीची माहिती वाचणाऱ्या बाजूपासून पार तळाशी, छापील लेबलाच्या खालोखाल असते, डीव्हीडीची निम्म्या खोलीवर, आणि ब्लू-रेची पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. म्हणजे एकाच विहिरीत तीन खोलींवर पाणी, आणि प्रत्येकासाठी वेगळा दोर. यंत्रवाल्याने दोर जास्त ठेवले की तिन्ही खोलींवरचं पाणी निघतं.

डीव्हीडीवाल्यांनी जुना दोर ठेवला. सुरुवातीच्या अनेक प्लेअर्सना घरी ‘बर्न’ केलेली सीडी वाचता येईना, कारण तिच्यावरचा रंग लाल उजेडात नीट परावर्तन करत नाही. म्हणून मग ७८० चा दुसरा लेसर आत बसवावा लागला. भारत-चीनमध्ये तर व्हीसीडी न चालणारा डीव्हीडी प्लेअर विकणंच कठीण होतं. सन २००० मध्ये आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडी चालवायचा आणि त्याची किंमत अनेक निव्वळ प्लेअर्सपेक्षा कमी होती. पुढे तो सोळा कोटी विकला गेला. म्हणजे सोळा कोटी डीव्हीडी प्लेअर खेळण्याच्या नावाने घरात शिरले.

मग ब्लू-रे आली, आणि तिच्यासमोर तोशिबाची एचडी डीव्हीडी. पुन्हा भांडण. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. पण या भांडणात दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर न बोलता एकमत होतं. जुनी डीव्हीडी आमच्या यंत्रात चालेलच, हे आश्वासन दिल्याशिवाय कुणी नवं यंत्र घेणार नव्हतं. इथेच ब्लू-रेने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. जुनं चालतंय, चित्र बरं दिसतंय, मग महाग डिस्क कशाला? फितीवरून तबकडीवर येताना लोकांना सगळं बदलावंच लागलं होतं. तबकडीवरून तबकडीवर येताना ती सक्ती उरली नाही. आणि व्हीएचएसला दुकानातून हाकलायला डीव्हीडी होती, तसं डीव्हीडीला हाकलायला शेजारच्या फळीवर कुणी उभं राहिलं नाही. जे आलं ते दुकानात न येता थेट तारेतून घरात गेलं.

दुकानदाराचा हिशेब यातून सरळ होतो. ज्याच्या घरी ब्लू-रे प्लेअर आहे त्यालाही डीव्हीडी चालते, ज्याच्या घरी वीस वर्षांपूर्वीचा प्लेअर आहे त्यालाही, आणि जुन्या लॅपटॉपलाही. फोर-के डिस्कचं गिऱ्हाईक निवडक, डीव्हीडीचं कुणीही. एकच माल ठेवायचा तर तो सगळ्या कुलपांना लागणारा ठेवावा.

अर्थात ओहोटी खरी आहे. १९९८ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवायला लागलेल्या नेटफ्लिक्सने शेवटचं पाकीट २९ सप्टेंबर २०२३ ला पाठवलं. बेस्ट बाय या अमेरिकी दुकान-साखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं बंद केलं. त्याच वर्षी यंत्रांतून डिस्क भाड्याने देणारी रेडबॉक्स कंपनी चोवीस हजारांहून जास्त यंत्रांसह दिवाळखोरीत गेली. सॅमसंग आणि एलजी ब्लू-रे प्लेअरच्या धंद्यातून बाहेर पडले. दुसरीकडे डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम गिऱ्हाइकांच्या खात्यातून काढून टाकणार असल्याचं कळवलं. ओरड झाली, नवा करार झाला, आणि तो निर्णय मागे घेतला गेला. पण कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला, की परवान्यावर दिलेल्या डिजिटल मालाला नुसतं ‘विकत घ्या’ म्हणायचं नाही, तो परवाना आहे हे स्पष्ट सांगायचं. कपाटातल्या डीव्हीडीला असा कायदा लागत नाही.

आपल्याकडे हा व्यवहार फार लवकर संपला. दिल्लीच्या मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकून चोर-प्रतींना त्यांच्याच भावात गाठलं होतं. २०१८ मध्ये कंपनीवर अवसायनाची वेळ आली. हिंदी सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडींवर ‘ऑल रीजन’ लिहिलेलं असायचं. भारताचा प्रदेश क्रमांक पाच, अमेरिकेचा एक. तरी तीच डिस्क मुंबईतही चाले आणि न्यू जर्सीच्या भारतीय किराणा दुकानात डाळींच्या रॅकशेजारीही भाड्याने मिळे.

सिनेमा गेला तरी आपल्या दुकानांत एक वस्तू उरली आहे, ती म्हणजे संगणकाला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर. नवीन लॅपटॉपला खाच नसते. आणि घरोघरी कपाटात लग्नाची, मुंजीची, साठीशांतीची डिस्क असते. ती फोटो स्टुडिओने सिनेमासारखी छापलेली नसते, रंगाच्या थरावर बर्न केलेली असते. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीचे खळगे प्लास्टिकमध्येच ठसलेले असतात, म्हणून ती नीट ठेवली तर दशकानुदशकं टिकते. बर्न केलेल्या डिस्कचा रंग उन्हाने आणि उष्णतेने उडतो, मग प्लेअर नुसता घुरघुरतो आणि ‘नो डिस्क’ म्हणतो. त्यामुळे रायटर आणलाच असेल तर ‘शोले’ची डिस्क राहू द्या कपाटात, ती थांबेल. आधी लग्नाची कॉपी करून घ्या.