फोटोंचे 'कलेक्शन' म्हणजे नेमके काय? अल्बम डिलीट केला तर फोटोही जातात का?

फोनमधली जागा संपली म्हणून एकाने गॅलरीतला 'गोवा सहल' हा अल्बम डिलीट केला. दुसऱ्याने तेच गूगल फोटोजमध्ये केले. पहिल्याचे सगळे फोटो कचरापेटीत गेले. दुसऱ्याचा एकही फोटो गेला नाही आणि जागाही रिकामी झाली नाही. नाव दोन्हीकडे 'अल्बम' असले, तरी आतली रचना वेगळी आहे. हजारो फोटो लावायला बसण्याआधी हा फरक कळला नाही, तर आवराआवरीतच फोटो हरवतात.

फोल्डर वेगळा, कलेक्शन वेगळे

फोल्डर म्हणजे फोटो ठेवण्याची खरी जागा. एक फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते. ती दुसरीकडेही हवी असेल तर प्रत काढावी लागते आणि ती प्रत वेगळी जागा खाते. अनेक अँड्रॉइड फोनच्या मूळ गॅलरीतले अल्बम हे असे फोल्डरच असतात. फोटो अल्बममध्ये टाकताना 'कॉपी' की 'मूव्ह' असा प्रश्न आला, तर समजावे की हा फोल्डर आहे.

कलेक्शन ही मात्र नुसती यादी असते. वाचनालयात पुस्तक एकाच कपाटात असते, पण त्याची नोंद लेखकांच्या सूचीत असते आणि विषयांच्या सूचीतही असते. सूचीतले कार्ड काढले म्हणून पुस्तक जात नाही. आजी नातीला मांडीवर घेऊन मखरासमोर बसली आहे, असा एक फोटो आहे समजा. तो 'आजी', 'गणपती २०२३' आणि 'नातीचे पहिले वर्ष' अशा तिन्ही कलेक्शनमध्ये दिसू शकतो. फाइल मात्र एकच. गूगल फोटोज, आयफोनमधले फोटोज आणि छायाचित्रकार वापरतात ते लाइटरूम क्लासिक, तिन्ही याच पद्धतीने चालतात. (पहिल्या दोन अॅपमध्ये अलीकडे 'कलेक्शन्स' नावाचा विभागही आला आहे. त्यात अल्बमसोबत माणसे, ठिकाणे वगैरे गटही दिसतात, म्हणून गोंधळ थोडा वाढतो.)

'काढणे' आणि 'डिलीट करणे'

अल्बममधून फोटो काढला तर फक्त यादीतली नोंद जाते. डिलीट केला तर फोटो सगळ्या अल्बममधून जातो, आणि बॅकअप सुरू असेल तर त्याच खात्यावरच्या इतर फोन-संगणकांवरूनही जातो. आयफोनमध्ये अल्बममधला फोटो पुसताना हे दोन पर्याय एकाखाली एक येतात आणि घाईत चुकीच्या ठिकाणी बोट पडते. चूक सुधारायला थोडा वेळ मिळतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनमध्ये साधारण ३० दिवस. पण फोन भरला म्हणून ट्रॅशही लगेच रिकामा करणारे बरेच असतात, आणि मग परतीची वाट राहत नाही.

नियमाने भरणारी कलेक्शन आणि चुकलेल्या तारखा

काही कलेक्शन आपोआप भरतात. लाइटरूममध्ये 'स्मार्ट कलेक्शन' असते: '२०२२ नंतरचे, पाच तारे दिलेले' असा नियम लिहिला की त्यात बसणारा प्रत्येक फोटो तिथे येतो. मॅकवरच्या फोटोजमध्ये स्मार्ट अल्बम करता येतात. गूगल फोटोज निवडलेल्या माणसांचे चेहरे ओळखून अल्बम भरत राहते.

हे सगळे फोटोत लिहिलेल्या माहितीवर अवलंबून असते. कॅमेरा फोटो काढतानाच तारीख, वेळ आणि परवानगी असल्यास ठिकाणही फाइलमध्ये नोंदवतो. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. हे मानक १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झाले. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद गळून पडते आणि फोटोही लहान होतो. त्यामुळे मावशीने दहा वर्षांपूर्वीच्या मुंजीचा फोटो आज ग्रुपवर टाकला, की तो गॅलरीत आजच्या तारखेला बसतो. मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचेही तेच. तिथे तारीख हाताने बदलावी लागते, आणि आधी तारखा नीट करून मग कलेक्शन करणे हाच शहाणपणाचा क्रम आहे.

सुरुवात कुठून करावी

जुन्या फोटोंपासून नको. दहा वर्षांचा ढीग उपसायला घेतला की दुसऱ्या रविवारी उत्साह संपतो. चालू महिन्यापासून सुरुवात करावी. धूसर फोटो, गुड मॉर्निंगच्या प्रतिमा आणि काम झालेले स्क्रीनशॉट आधी पुसावेत. नावात वर्ष आधी घातले, म्हणजे '२०२४ दिवाळी', '२०२४ कोकण', की नावानुसार लावल्यावर अल्बम आपोआप काळाच्या क्रमाने येतात. दोन-तीनच फोटो असतील तर अल्बम करू नये. शोधून ते सापडतात.

शेअर केलेला अल्बम आपला नसतो

लग्नानंतर सगळे नातेवाईक एका शेअर्ड अल्बममध्ये फोटो टाकतात. गूगल फोटोजमध्ये त्यातले एखादे माणूस अल्बममधून बाहेर पडले, की त्याने टाकलेले फोटोही तिथून जातात. त्याने स्वतःचा फोटो डिलीट केला तरी तेच होते. हवे ते फोटो वेळीच 'सेव्ह' करून आपल्या लायब्ररीत घ्यावेत. मात्र तेव्हापासून ते आपल्या खात्याची जागा खातात. गूगलची १५ जीबी मोफत जागा फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह यांच्यात वाटली जाते.

यादीचाही बॅकअप लागतो

हार्ड डिस्कवर फोटोंची प्रत ठेवली की काम झाले असे वाटते. पण यादी फोटोत नसते. लाइटरूमची कलेक्शन कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती गेली, तर फोटो राहतात आणि कित्येक वर्षांची मांडणी जाते. फोटोंचे फोल्डर लाइटरूमच्या बाहेरून हलवले तरी दुवा तुटतो आणि फोटोवर उद्गारचिन्ह दिसते. गूगल टेकआउटने फोटो उतरवले तर अल्बम फोल्डरच्या रूपात मिळतात, पण अॅपमध्ये बदललेल्या तारखा फोटोत न येता सोबतच्या छोट्या जेसन फाइलमध्ये येतात. कचरा समजून या फाइली पुसू नयेत. माणसांची आणि गावांची नावे कीवर्ड म्हणून थेट फाइलमध्ये लिहिण्याची सोय लाइटरूममध्ये आहे, तशी ती मोफत मिळणाऱ्या डिजिकॅममध्येही आहे. अशी नावे अॅप बदलले तरी फोटोसोबत जातात.