टीबीचा वॉर्ड घरात आला तेव्हा

आजची गोष्ट १९५६ च्या मद्रासची.

त्या काळी टीबी झाला की सल्ला ठरलेला: सॅनेटोरियम. मोकळी हवा, सकस जेवण, पूर्ण आराम. पण भारतात रुग्ण लाखांनी आणि खाटा फक्त हजारांत. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त औषध आलं होतं. मग प्रश्न पडला, खाट नसेल तर घरीच गोळ्या देऊन चालेल का?

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी ए-बी टेस्ट करतो. मद्रासमध्येही तेच झालं, फक्त इथे पणाला माणसांचा जीव होता. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून केंद्र काढलं. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. गरीब वस्त्यांमधले शे-दोनशे रुग्ण घेतले. कोण घरी, कोण सॅनेटोरियममध्ये, हे लॉटरीसारखं ठरलं. औषधं दोघांना सारखीच, वर्षभर.

घरच्यांना जेवण कमी, जागा कमी, आराम कमी. तरीही १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं! आणि रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. धोका मुख्यतः उपचार सुरू होण्याआधीचा. पुढे जगभर सॅनेटोरियम ओस पडत गेले.

पण मेख इथेच आहे. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. म्हणून मद्रासचे कर्मचारी न सांगता घरी जायचे, गोळ्या मोजायचे, लघवी तपासायचे. नर्सचं काम आता घरावर आलं होतं. पुढे टांझानियात कारेल स्टिब्लो यांनी देखरेखीखालच्या उपचारांची घडी बसवली. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीला जागतिक आणीबाणी म्हटलं. त्यानंतर 'डॉट्स' जगभर पसरलं: कोणीतरी समोर बसून गोळी घ्यायला लावायची.

आजही जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. मला वाटतं, औषध शोधण्यापेक्षा ते शेवटपर्यंत घेणं जास्त अवघड ठरलंय. आणि त्यासाठी सोबत लागते.

तेव्हा रूममेट कोर्सवर असेल, तर त्याचं ताट वेगळं करू नका. ताटवाटीतून टीबी पसरत नाही. त्यापेक्षा रोज विचारा, "काय रे, गोळी घेतलीस का?"

भेटू पुढच्या भागात!