कॅसरोल, पण पोळ्यांचा नव्हे

मराठी घरात ‘कॅसरोल’ हा शब्द उच्चारला की पोळ्या गरम ठेवण्याचा झाकणाचा डबा डोळ्यांपुढे येतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र दांड्याचे पातेले असा आहे. इंग्रजीत तो शब्द ओव्हनमध्ये ठेवता येणाऱ्या खोलगट भांड्याला लागला आणि पुढे अमेरिकेत त्या भांड्यात शिजणाऱ्या पदार्थालाही तेच नाव मिळाले. पास्ता किंवा भात, भाज्या किंवा मांस, दाटसर सॉस आणि वर चीज, असे सारे एकत्र करून भाजायचे व त्याच भांड्यातून पानात वाढायचे, ही त्याची साधी घडण. पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा चुकूनही ओव्हनमध्ये जाऊ नये, एवढे आधीच सांगितलेले बरे.

भाजलेला पास्ता हा इटलीतील जुना प्रकार. त्याला तेथे ‘पास्ता अल् फोर्नो’, म्हणजे भट्टीतला पास्ता म्हणतात. दक्षिण इटलीत तो रविवारच्या किंवा सणाच्या जेवणाचा मान राखून आहे. सिसिलीतील पालेर्मो शहरात बारीक कड्यांच्या आकाराचा पास्ता यासाठी वापरतात आणि त्यात तळलेल्या वांग्याचे काप घालण्याची पद्धत आहे. वांगे आणि चीज ही जोडी ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा चाखून पाहावी. दक्षिण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी ‘बेक्ड झिटी’ या नावाने हाच पदार्थ तेथे रुजवला. सणाचा पदार्थ अशा रीतीने कामाच्या दिवसाच्या रात्रीच्या जेवणातही येऊन बसला.

मुंबई-पुण्यातील नोकरदार घरांना तो सोयीचा वाटण्याचे कारणही हेच. संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल टाकल्यावर कणीक मळणे, भाजी चिरणे, कुकर लावणे आणि पोळ्या लाटणे ही कामे एकामागोमाग उभी राहतात आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत कोणाला तरी ओट्यापाशीच थांबावे लागते. भाजलेल्या पास्त्याचे तसे नाही. त्याची तयारी आदल्या रात्री किंवा सकाळी होऊ शकते. संध्याकाळी भांडे ओव्हनमध्ये ठेवले की पुढचा अर्धा तास मोकळा मिळतो आणि घरातील सगळे एकाच वेळी जेवायला बसू शकतात. पदार्थ झटपट होतो असे मात्र नाही. सुरुवातीपासून मोजले तर सव्वा तास सहज लागतो. तो वेळ दोन भागांत वाटता येतो, यात त्याचा सोपेपणा आहे.

तरीही अनेक घरांत हा प्रयोग पहिल्याच खेपेला फसतो. पास्ता कोरडा, गिचका आणि वरून कडक होतो. दोष बहुधा ओव्हनवर ढकलला जातो. खरे कारण पाण्याच्या हिशेबात असते. कोरडा पास्ता शिजताना आपल्या वजनापेक्षाही अधिक पाणी शोषून घेतो. शंभर ग्रॅमचा शिजल्यावर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास होतो. भांड्यात घातल्यावरही त्याचे हे पिणे थांबत नाही. पूर्ण शिजवलेला पास्ता दाट सॉसमध्ये घालून भाजला, तर तो सॉसमधील ओलावा ओढून स्वतः फुगतो व मऊ पडतो आणि सॉस आटून जातो. त्यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करावे लागतात. पाकिटावर ११ मिनिटे लिहिली असतील तर पास्ता ८ मिनिटांतच उतरवावा. दाताखाली मध्यभागी किंचित कच्चा लागला पाहिजे. दुसरे म्हणजे सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवावा. भांडे ओव्हनमध्ये जाताना मिश्रण ‘फारच सैल झाले’ असे वाटले, तर ते बरोबर आहे असे समजावे.

पास्ता विकत घेताना पाकिटामागील मजकूर वाचावा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता पिवळसर दिसतो आणि दोनदा उष्णता सोसूनही आकार धरून ठेवतो. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो, पण भाजल्यावर त्याचा लगदा होण्याची भीती असते. हा ड्युरम परका नाही. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. पेने, फुसिली किंवा शंखाच्या आकाराचा पास्ता घ्यावा. त्याच्या पोकळीत आणि खाचांत सॉस शिरतो. लांब स्पॅगेटी या कामी गैरसोयीची.

चौघांसाठी साहित्य असे : पेने पास्ता २५० ग्रॅम, लांबट लाल टोमॅटो ६०० ग्रॅम, एक मोठा कांदा, लसणीच्या ५-६ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे, लोणी व मैदा प्रत्येकी २ मोठे चमचे, दूध अर्धा लिटर, मोझरेला चीज १०० ग्रॅम, एक मोठी वाटी भाज्या (सिमला मिरची, मक्याचे दाणे, फरसबी किंवा पालक), ओरेगॅनो, लाल मिरचीचा भरड चुरा, मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि मीठ. जैन पद्धतीने करायचे झाल्यास कांदा-लसूण वगळून तेलात हिंग घालावा. मांसाहारी घरांत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे किंवा परतून पूर्ण शिजवलेला खिमा घालतात. मात्र कच्चे मांस ओव्हनमध्ये शिजेल या भरवशावर घालू नये.

अडीच लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात अडीच लहान चमचे मीठ आणि पास्ता घालावा. पाण्यात तेल घालण्याची सवय अनेकांना असते; त्याचा उपयोग होत नाही, पहिली दोन मिनिटे ढवळत राहणे पुरेसे. पास्ता निथळण्यापूर्वी एक वाटी पाणी बाजूला काढून ठेवावे. पिठूळ दिसणारे हे पाणी पुढे सॉस सैल करण्यास आणि तो पास्त्याला धरून ठेवण्यास कामी येते. निथळलेला पास्ता नळाखाली धुऊ नये.

लाल सॉससाठी तेलात कांदा व लसूण मऊ होईपर्यंत परतावे. टोमॅटो किसून किंवा मिक्सरमधून काढून त्यात घालावेत आणि कच्चा वास जाईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटे, मध्यम आचेवर शिजवावेत. गावठी टोमॅटो रसाळ पण आंबट असतात. तेच वापरायचे झाल्यास अर्धा चमचा साखर लागते. पांढऱ्या सॉससाठी लोण्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, रंग बदलू देऊ नये. दूध थोडे थोडे ओतत ढवळत राहिल्यास गुठळ्या होत नाहीत. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की जायफळ, मिरपूड व मीठ घालून उतरवावा. दोन सॉसचा खटाटोप नको असेल, तर पांढरा सॉस गाळून १५० ग्रॅम पनीर अर्धी वाटी दुधात कुस्करून मिसळावे. बेक्ड झिटीत रिकोटा चीज असते. घरचे ताजे, मऊ पनीर त्याची जागा बऱ्यापैकी घेते.

भाज्या कच्च्या घालू नयेत. मशरूम, पालक व सिमला मिरची यांना पाणी सुटते आणि ते तळाशी साचते. मोठ्या आचेवर परतून त्यांचे पाणी आटवून घ्यावे. मग पास्ता, भाज्या, लाल सॉस व निम्मा पांढरा सॉस एकत्र करावा, राखून ठेवलेल्या पाण्याने तो सैल करावा आणि लोणी लावलेल्या आठ इंची चौकोनी भांड्यात ओतावा. वर उरलेला पांढरा सॉस आणि किसलेले चीज पसरावे. प्रक्रिया केलेले घनाकृती चीज वितळते, पण त्याला तार सुटत नाही. तार हवी असल्यास मोझरेलाच लागते. दोन्ही निम्मे निम्मे घेतल्यास चव अधिक खारट व ठसठशीत होते, आणि मुलांना ती आवडते.

ओव्हन २०० अंश सेल्सियसवर दहा मिनिटे आधी तापवून भांडे मधल्या कप्प्यात ठेवावे. २० ते २५ मिनिटांत कडेने बुडबुडे दिसू लागतात. शेवटची तीन मिनिटे वरची कांडी चालू ठेवल्यास पृष्ठभागावर तपकिरी डाग पडतात. लहान ओव्हनमध्ये ही कांडी फार जवळ असल्याने तेव्हा जागेवरून हलू नये. मायक्रोवेव्हच्या साध्या लहरींवर पदार्थ गरम होतो, खरपूस होत नाही. त्यासाठी यंत्रात कन्व्हेक्शनची सोय हवी. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच वाढावे. तेवढ्या वेळात सॉस आळतो आणि जिभाही भाजत नाहीत.

ओव्हन नसल्याने अडत नाही. जाड बुडाच्या कढईत मिश्रण घालून, घट्ट झाकण ठेवून, खाली तवा सरकवून मंद आचेवर १५ मिनिटे ठेवावे. झाकणाखाली वाफ कोंडत असल्याने वरची कुरकुरीत साय मिळत नाही. तिच्याऐवजी ब्रेडचा चुरा लोण्यात खमंग परतून वाढताना भुरभुरावा.

उरलेल्या पास्त्याबाबत मात्र हलगर्जीपणा महागात पडू शकतो. शिजलेला भात व पास्ता यांत बॅसिलस सेरियस नावाचे जीवाणू वाढू शकतात आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. बेल्जियममध्ये २००८ मध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेरच राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. त्या स्पॅगेटीत हे जीवाणू मोठ्या प्रमाणावर आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे. असे टोक क्वचित गाठले जाते. तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘रात्रभर ओट्यावर राहिला तर काय होते’ हा विचार सोडून द्यावा. पास्ता दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

आदल्या रात्री भांडे भरून ठेवायचे झाल्यास दोन्ही सॉस व पास्ता आधी निवू द्यावेत, अर्धी वाटी दूध जास्त घालावे आणि चीज दुसऱ्या दिवशी पसरावे. काचेचे भांडे फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास तडकू शकते. ते थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन चालू करावा आणि नेहमीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे जास्त धरावीत. मध्यभागी खुपसलेली सुरी बाहेर काढल्यावर चटका बसण्याइतकी गरम लागली पाहिजे. धातूच्या भांड्याला ही अडचण नाही. उरलेला वाटा सकाळी शाळेच्या डब्यात द्यायचा असल्यास दोन चमचे दूध शिंपडून, झाकून, वाफ येईपर्यंत गरम करावा.